डिफॉल्ट मूल्य (पीएचपीच्या क्लासमधील)

पीएचपी भाषेत क्लास लिहितानाच त्याच्या प्रॉपर्टीला देऊन ठेवलेले सुरुवातीचे मूल्य. नवे ऑब्जेक्ट तयार होताना, कन्स्ट्रक्टर चालण्याआधीच, ते त्यात भरलेले असते. पुढे ऑब्जेक्टागणिक बदलता येते. पीएचपी ४ मध्ये (२०००) प्रॉपर्टी ‘व्हार’ या शब्दाने जाहीर करत. ‘पब्लिक’, ‘प्रोटेक्टेड’ आणि ‘प्रायव्हेट’ २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आले.

हे मूल्य संख्या, मजकूर, अ‍ॅरे, कॉन्स्टंट अशा ठरलेल्या गोष्टींचेच असावे लागते. ५.६ पासून (२०१४) त्यांची आकडेमोडही तिथेच करता येते. फंक्शन मात्र बोलावता येत नाही, म्हणून आजची तारीख हवी असेल तर ती कन्स्ट्रक्टरमध्ये भरावी लागते. अ‍ॅरे दिला तर प्रत्येक ऑब्जेक्टला तो स्वतंत्र मिळतो. पायथनमध्ये क्लासवर ठेवलेली यादी सगळ्या ऑब्जेक्टांत सामाईक राहून नवशिक्यांची फजिती करते, तसे इथे होत नाही. ‘स्टॅटिक’ प्रॉपर्टी तेवढी सर्वांत एकच.

कुठे डिफॉल्ट द्यावे आणि कुठे देऊ नये, हा खरा प्रश्न. रत्नागिरीच्या एखाद्या बागायतदाराच्या विक्रीनोंदींसाठी ‘पेटी’ नावाचा क्लास केला असे समजू (पीएचपीला देवनागरी नावे चालतात). जात ‘हापूस’ धरायला हरकत नाही. नवी पेटी ‘न विकलेली’ असते, हेही उघड आहे. जिल्हा ‘रत्नागिरी’ धरणे मात्र घातक. हापूसचे २०१८ चे भौगोलिक मानांकन सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांनाही आहे. देवगडहून आलेल्या पेटीचा जिल्हा लिहायचा राहिला, तर ती कागदोपत्री बिनबोभाट रत्नागिरीची होते. दराला शून्य देणे त्याहून वाईट; बिल निघते आणि कोणाला शंकाही येत नाही.

अशा जागी ७.४ मध्ये (२०१९) आलेली टाइप्ड प्रॉपर्टी वापरावी आणि तिला मूल्य देऊच नये. मूल्य भरण्याआधी ती वाचायला गेले की पीएचपी एरर देऊन थांबते. टाइप नसलेल्या प्रॉपर्टीत याच परिस्थितीत मुकाट्याने ‘नल’ येतो. टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावून ‘नल’ला परवानगी दिली, तरी तो आपोआप भरला जात नाही, डिफॉल्ट म्हणून लिहावाच लागतो. अनेकांची इथेच गफलत होते.

८.० पासून (२०२०) प्रॉपर्टी थेट कन्स्ट्रक्टरच्या कंसात जाहीर करता येते. तिथे दिलेले डिफॉल्ट पॅरामीटरचे असते, प्रॉपर्टीचे नव्हे. ८.१ मधील ‘रीडओन्ली’ प्रॉपर्टीला डिफॉल्ट मूल्य देता येत नाही.