आधी हवा, मग पेट्रोल

२००९ साली कंपनीने मला सात महिने कॉव्हेंट्रीला पाठवलं होतं. काम काय, नेहमीचंच. पण शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात १९७० सालची ट्रायम्फ टीआर६ होती, आणि शनिवारी सकाळी ती सुरू झाली की माझ्या झोपेचं खोबरं. सुरू कसली, खोकायचीच! मध्येच बाराशेवर रेस, मग पाचशेवर मान टाकणार, मागून काळा धूर. आजोबा वैतागून इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवायच्या बेतात होते. असा वैताग येणारे ते पहिलेच नव्हते, म्हणून ही गोष्ट.

(ट्रायम्फ आपल्याला अगदीच परकी नाही बरं का. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड याच घराण्यातली. असो.)

ऑक्टोबर १९६७ मध्ये ट्रायम्फने टीआर५ आणली. २४९८ सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, १५० हॉर्सपॉवर, आणि कार्ब्युरेटरऐवजी ल्यूकस कंपनीचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन. ब्रिटिश स्पोर्ट्सकारमध्ये कारखान्यातूनच इंजेक्शन येण्याची ही पहिली वेळ. ल्यूकसची ही विद्या तोवर शर्यतींत मुरलेली होती. १९५७ चं ल मॉं जिंकलेल्या जॅग्वार डी-टाइपवर ती होती. जून १९६७ मध्ये झांडव्होर्टला जिम क्लार्क ज्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनवर जिंकला, त्यावरही होती.

पण शर्यतीच्या गाडीला सिग्नलला थांबावं लागत नाही, की भाजी आणायला जावं लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीला पेट्रोल किती द्यायचं हे ट्रायम्फमध्ये मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर ठरायचं. पाय काढला की थ्रॉटल मिटतात, इंजिन रिकामंच ओढत राहतं, व्हॅक्यूम वाढतो. तो व्हॅक्यूम एका पातळ पडद्याला खेचतो आणि मीटरिंग युनिट पेट्रोलचा घोट लहान करतं. पाय दाबला की उलट. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर! मला तर हे फार आवडलं.

मेख पुढे आहे. सहा सिलिंडरना सहा बटरफ्लाय झडपा, दोन-दोनच्या तीन थ्रॉटल बॉडी, आणि व्हॅक्यूमचा निरोप मात्र सगळ्यांचा मिळून एकच. समजा मधली जोडी केसभर जास्त उघडी राहिली. तिथून जादा हवा शिरते, एकूण व्हॅक्यूम पडतो, मीटरिंग युनिटला वाटतं ड्रायव्हरने पाय दाबला, आणि ते सहाही सिलिंडरना जादा पेट्रोल पाजतं. मधल्या दोघांचं एकवेळ भागतं, बाकीचे चौघे गुदमरतात. एकाने खोडी काढायची आणि शिक्षा अख्ख्या वर्गाला.

आता कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मेकॅनिकला काय दिसणार? काळा धूर. म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे कमी करा! मग आयडलिंगला जरा बरं वाटायचं आणि चढावर गाडी मार खायची. आपण नाही का, एरर जिथे दिसते तिथेच पॅच मारतो? चुकीचा आकडा आला कुठून, हे बघायचं सोमवारी...

सगळा दोष मेकॅनिकांचाही नाही म्हणा. सिस्टिमला चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपास दाब लागायचा आणि त्यासाठी डिक्कीत जो पंप होता, त्याची मोटर चक्क वायपरच्या मोटरवर बेतलेली! उन्हाळ्यात पंप तापायचा, पेट्रोलमध्ये बुडबुडे व्हायचे, गाडी बंद. ही तक्रार शंभर टक्के खरी. अमेरिकेला तर इंजेक्शन मिळालंच नाही. तिथल्या धुराच्या नियमांमुळे तीच गाडी दोन कार्ब्युरेटर लावून टीआर२५० म्हणून गेली आणि टीआर५ च्या जवळजवळ तिप्पट बनली. टीआर५ झाल्या अवघ्या २९४७. ब्रिटनमध्येही अनेक मालकांनी हे इंजेक्शन उपटून कार्ब्युरेटर लावले. १९७५ मध्ये खुद्द ट्रायम्फने २.५ पीआय ही सलून बंद करून तिच्या जागी कार्ब्युरेटरवाली २५००एस आणली.

तर आमचे शनिवार. पहिला गेला टॅपेट आणि टायमिंगमध्ये. त्यानंतर इंजिन चांगलं गरम करून तिन्ही थ्रॉटल बॉडींना जोडणाऱ्या दांड्या सोडवल्या. आजोबा रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका तोंडाशी धरून हवेचा फूत्कार ऐकायचे, मी हवा मोजायचा मीटर लावून आकडा सांगायचो. दहापैकी आठ वेळा त्यांचा कान आणि माझा मीटर जुळायचा! मधली जोडी खरंच उघडी निघाली. तिन्ही सारख्या केल्या, दांड्या परत जोडल्या आणि दोन हजार आरपीएमला पुन्हा तपासलं, कारण दांड्यांत ढिलाई असेल तर आयडलिंगला जुळलेलं पुढे बिघडतं. स्लो स्पीडचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आठशेच्या आसपास. तरीही धूर होताच. पूर्वी कुठल्याशा वर्कशॉपने मीटरिंग युनिट पिळून ठेवलं होतं, ते एका जाणकाराकडे धाडून बेंचवर पुन्हा जुळवून आणलं.

मी परत यायच्या आदल्या शनिवारी आजोबांनी नऊ वाजता दार वाजवलं. ऐकलंस का, विचारत होते. गाडी अर्धा तास चालू होती म्हणे. मी गाढ झोपलो होतो.