मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील शिकारी मासे काढा. थाई मांगूर टाळा

अमेरिकेत हौशी गळवाल्यांसाठी ठिपकेदार बाससारखे शिकारी मासे तलावांत मुद्दाम सोडले जातात. आपल्या तळ्याचे गणित वेगळे आहे. इथे कटला, रोहू, मृगळ वाढवून विकायचे असतात आणि शिकारी मासा त्यांची बोटुकलीच गिळतो.

भिवंडी, वाडा परिसरात हे मासे बहुधा आपणहून येतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून भातखाचरात चढतात, त्यांच्यासोबत मरळ आणि देशी मांगूरही तळ्यात शिरतात. म्हणून पाणी आत येण्याच्या व सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी पावसाआधीच बसवावी.

तळ्याची सफाई मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना करावी. तळे पूर्ण आटत असेल तर तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्यावे. मांगूर हवेत श्वास घेऊ शकतो, त्यामुळे ओल्या चिखलात तो तग धरतो. नुसते पाणी उपसून भागत नाही. तळे आटत नसेल तर मोहाची पेंड वापरावी. एक मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी 2,500 किलो, म्हणजे 10 गुंठ्यांना 250 किलो. पाणी अर्धा मीटरच असेल तर 125 किलो पुरते. मे महिना निवडायचे खरे कारण हेच. पेंडीचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे राहतो, तोपर्यंत बीज सोडू नये. पेंड पुढे खत म्हणून कामी येते.

थाई मांगूर का नको

हा मूळचा आफ्रिकेतला मासा. झपाट्याने वाढतो, कोंबडीच्या टाकाऊ मांसावर पोसला जातो, म्हणून त्याचा मोह पडतो. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. भिवंडी तालुक्यातही मत्स्यव्यवसाय विभागाने अशा तळ्यांवर कारवाई केली आहे. म्हणजे उभे पीक एका दिवसात जाण्याचा धोका आहेच. त्याहून मोठा धोका जुलैच्या पुराचा. बांधावरून पाणी गेले की हा मासा कामवारी, उल्हास नदीत पोचतो आणि वलगणीला चढणाऱ्या देशी माशांची अंडी-पिल्ले खातो. तेथून तो परत काढता येत नाही.

'देशी मांगूर' म्हणून विकले जाणारे बीज डोळे झाकून घेऊ नये. लहान पिल्लांत फरक ओळखणे कठीण असते, म्हणून बीज खात्रीच्या केंद्रातूनच, पावतीसह घ्यावे. मोठ्या माशात डोक्याच्या कवटीची मागची कडा पाहावी: देशी मांगूरमध्ये ती 'व्ही' आकाराची, थाई मांगूरमध्ये 'डब्ल्यू'सारखी असते. थाईच्या अंगावर बहुधा करडे-काळे चट्टे दिसतात आणि तो कित्येक किलोंचा होतो. देशी मांगूर क्वचितच अर्ध्या किलोपुढे जातो. तळ्यात थाई सापडलाच तर नाल्यात सोडू नये. मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवून नष्ट करावा.

बीज सोडताना

10 गुंठ्यांच्या तळ्यात 8 ते 10 सेंटिमीटरची 500 बोटुकली पुरतात: कटला 200, रोहू 150, मृगळ 150. इवलेसे जिरे स्वस्त मिळते, पण मरळ एखादी जरी उरली असली तरी तेच आधी संपते. पिशवी 15 ते 20 मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून, तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घालून, सकाळी किंवा संध्याकाळी बीज सोडावे.