इंजिन मागे की मध्ये?

श्रोतेहो, पोती मागे रचली की बैलगाडी उलाळ होते, हे तुम्हांला सांगायला नको. मोटारीचंही तसंच. १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी पोर्शेची पहिली मोटार झाली. तिचं इंजिन मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे मध्ये होतं. पण मग माणसं नि सामान ठेवायचं कुठे? म्हणून विक्रीच्या गाड्यांत ते आसामागे गेलं. जागा झाली, मागच्या चाकांना पकडही आली. मात्र वळणावर घाबरून वेग सोडला, की शेपूट बाहेर फेकलं जाई. १९५९ साली मध्ये इंजिन असलेल्या कूपर गाडीवर जॅक ब्रॅबहॅम जगज्जेता झाला, आणि शर्यतीपुरता वाद मिटला. हौसेला मात्र हिशेब नसतो! १९६३ साली फ्रँकफुर्टला दाखवलेल्या, पुढे ९११ नावाने गाजलेल्या पोर्शेचं इंजिन मागेच होतं. आजही रस्त्यावरच्या ९११ मध्ये ते तिथेच आहे.