एका भांड्याखाली दोन मुद्रा

आपल्याकडे कुंभारकाम बहुधा घरातूनच येतं. बापाचं बघत बघत पोराचा हात चाकावर बसतो. पण मातीशी कधी संबंधच न आलेला माणूस पंचविशीनंतर कुंभार व्हायचं म्हणाला तर? त्याला कुणीतरी आपल्या चाकाशी जागा द्यावी लागते.

हान्स कोपरला ती लूसी री यांनी दिली. लूसीबाई व्हिएन्नाच्या. तिथं त्यांचं नाव झालं होतं. पण त्या ज्यू होत्या. १९३८मध्ये नाझींमुळे देश सुटला. लंडनमध्ये अल्बियन म्यूज या गल्लीतल्या जुन्या तबेल्याच्या जागेत त्यांनी भट्टी मांडली. युद्धाच्या दिवसांत भांडी कोण घेणार? म्हणून बायकांच्या कपड्यांसाठी मातीची बटणं बनवून पोट भरलं.

१९४६मध्ये या बटणांच्याच कामाला हान्स आला. वय २६. जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेला, आणि इंग्रजांनी जर्मन म्हणून कॅनडाच्या छावणीत डांबलेला! त्याला व्हायचं होतं शिल्पकार. बाईंनी त्याला चाकावरचं काम शिकायला धाडलं. लवकरच दोघं मिळून कपबश्या, कॉफीचे संच करू लागली. त्या भांड्यांखाली दोघांच्या मुद्रा असत. मालकिणीनं १८ वर्षांनी लहान मदतनिसाची मुद्रा आपल्या मुद्रेशेजारी उमटवायची, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्या काळी इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांचा शब्द म्हणजे प्रमाण. त्यांना बाईंची भांडी फार पातळ वाटली. बाई बिचाऱ्या जाड, वजनदार भांडी करू लागल्या. हान्सनं त्यांना पुन्हा त्यांच्या मूळ वाटेवर आणलं. मग ती नाजूक काठांची, अरुंद बुडाची वाडगी आली. कच्च्या भांड्यावरच ब्रशनं झिलई लावून ती एकदाच भाजायची, ही बाईंची रीत.

ही जोडी नवरा-बायकोची नव्हे, हेही सांगायला हवं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हान्सनं आपलं स्वतंत्र काम थाटलं. १९६२मध्ये उभ्या राहिलेल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमधल्या उंच मेणबत्तीदाण्या त्याच्या. लूसीबाई स्वतःला कुंभार म्हणत आणि हान्सला कलावंत. मला ही वाटणी मान्य नाही.

१९८१मध्ये हान्स गेला. बाई त्याच जागेत १९९०पर्यंत, पक्षाघातानं हात थांबेपर्यंत काम करीत राहिल्या. १९९५मध्ये त्याही गेल्या. त्यांचं चाक आणि हत्यारं आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.