ठिणगीच्या वेटोळ्याचा इतिहास

मोटारसायकलीच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. त्या ठिणगीला हजारों व्होल्टांचा दाब लागतो. बॅटरीपाशीं मात्र असतात सहा किंवा बारा. ही तूट भरून काढते ती इग्निशन कॉइल. लोखंडी गाभ्याभोंवतीं तिचीं दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें व थोड्या वेढ्यांचें, दुसरें केसासारख्या बारीक तारेचें व हजारों वेढ्यांचें. पहिल्यांतील प्रवाह एकाएकीं तोडला कीं दुसऱ्यांत प्रचंड दाब उसळतो.

हें तत्त्व मायकेल फॅराडेनें १८३१ सालीं लंडनमध्यें दाखविलें. आयर्लंडांतील धर्मगुरु व अध्यापक निकोलस कॅलन यानें १८३६ सालीं त्यावरून वेटोळें घडविलें. पुढें पॅरिसचा कारागीर रूमकोर्फ यानें तें इतकें सुधारलें कीं त्याला त्याचेंच नांव पडलें. १८६० सालीं लेन्वारनें आपलें गॅस-इंजिन अशाच वेटोळ्याच्या ठिणगीवर चालविलें. डाइमलरच्या १८८५ सालच्या दुचाकीवर मात्र ठिणगी नव्हती. तेथें तापलेली नळी मिश्रण पेटवीत असे. १९०२ सालीं बॉश कारखान्याच्या होनोल्डनें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्याला बॅटरीची गरज नसल्यामुळें फटफटीवर त्याचेंच राज्य अनेक वर्षें चाललें. इकडे अमेरिकेंत केटरिंगनें १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारीला बॅटरी व कॉइल यांची पद्धति दिली. दुचाकीवर विजेचे दिवे व बॅटरी आल्यावर तीच पद्धति तेथेंहि रुळली.

या पद्धतींत प्रवाह तोडण्याचें काम धातूचीं दोन टोंकें करीत; कारागीर त्यांस पॉइंट म्हणतात. त्यांना तीन-चार अँपिअर प्रवाह मानवतो, अधिक झाल्यास तीं जळतात. प्रवाहाला आवर घालते ती पहिल्या वेटोळ्याची रोधशक्ति. ओहमनें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें बारा व्होल्टांवर चार ओहमची कॉइल तीन अँपिअर प्रवाह घेते. सहा व्होल्टांसाठीं केलेली दीड ओहमची कॉइल आपल्या बॅटरीवर चार अँपिअर घेते. तीच बारा व्होल्टांवर जोडली तर आठ. पॉइंट मिटलेले असतांना तिच्यांतील उष्णता चौपट होते, आणि थोड्याच वेळांत कॉइल व पॉइंट दोन्हीं निकामी होतात.

पुढें तोडणारा बदलला. कावासाकीच्या १९६९ सालच्या तीन सिलिंडरी गाडींत कंडेन्सरमध्यें सांठविलेली वीज कॉइलमध्यें एकदम सोडली जाई. अशा कॉइलीची रोधशक्ति बहुधा एक ओहमहून कमी असते. हार्ले-डेव्हिडसनच्या पॉइंटवाल्या गाड्यांस सुमारें पांच ओहमची कॉइल असे. इलेक्ट्रॉनिक पद्धति आल्यावर ती सुमारें तीन ओहमची झाली.

म्हणून जुनी गाडी चालती ठेवणाऱ्यानें "कमी ओहम, जोरदार ठिणगी" या दुकानी बोलण्यास भुलूं नये. प्लगमधील फट ओलांडण्यास लागतो तितकाच दाब ठिणगी घेते. उरलेला प्रवाह उष्णता होऊन पॉइंट किंवा इलेक्ट्रॉनिक पेटी जाळतो. उलट रोधशक्ति फार वाढली तर ठिणगी दुबळी पडते. कॉइलीच्या तारा सोडवून पहिल्या वेटोळ्याच्या दोन टोंकांवर ओहममापक लावावा आणि येणारा आंकडा त्या गाडीच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावा. बॅटरीचा दाब आणि प्रवाह तोडणारा भाग, या दोहोंशीं जिचा मेळ बसतो तीच कॉइल योग्य; मग ती बाजारांत सर्वांत जोरदार म्हणून विकली जात नसली तरी चालेल.