खानावळीतील गोंगाट आणि गप्पा

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरगुती खानावळींच्या जोडीला वातानुकूलित उपाहारगृहे आणि बार आले. ताटातील सुरमई आणि सोलकढी तीच राहिली. समोरच्याचे बोलणे ऐकू येणे मात्र कठीण झाले.

याचे कारण बांधकामात आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी 1890 च्या दशकात ध्वनिशोषण मोजताना उघडी खिडकी हेच एकक धरले. तिच्यातून गेलेला आवाज परतत नाही. त्या हिशेबाने मालवणी घराची पडवी म्हणजे एक भली मोठी उघडी खिडकीच! शिवाय कौलांच्या फटींतूनही आवाज निसटतो. याउलट स्लॅब, काच, गुळगुळीत फरशी आणि ग्रॅनाइटची टेबले आवाज परत फेकतात.

अशा दालनात प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये ही प्रवृत्ती नोंदवली. एका टेबलाचा आवाज चढला की शेजारचेही मोठ्याने बोलू लागतात. मीटरभर अंतरावरील साधे संभाषण सुमारे 60 डेसिबलचे असते; भोवतालचा गोंगाट 70 वर गेला, तर त्याची ध्वनिऊर्जा त्याच्या दहापट होते.

समुद्राची गाज हाही आवाजच. पण तिच्यात शब्द नसतात. शेजारच्या टेबलावरील गप्पा आणि ध्वनिवर्धकावरील गाणी यांत ते असतात, म्हणून ती लक्ष अधिक विचलित करतात. बारमधील मंद दिव्यांमुळे ओठांच्या हालचालींचा आधारही जातो.

सर्वाधिक फटका ज्येष्ठांना बसतो. वयाबरोबर प्रथम उच्च कंपनांचे स्वर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने याच पट्टीत असल्याने आवाज येतो, शब्द लागत नाही. मग आजोबा नुसते हसून मान हलवतात, आणि घरच्यांना वाटते की जेवण मजेत चालले आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार वाणिज्य क्षेत्रात दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरासाठी आहे, दालनातील गप्पांसाठी नाही. तेथे काथ्याच्या चटया, जाड पडदे, छताला बांबूचे तट्टे आणि ध्वनिवर्धकाची खालावलेली पट्टी हेच उपाय उरतात. ज्येष्ठ सोबत असल्यास स्वयंपाकघरापासून दूर, उजेडातील कोपऱ्याची जागा मागून घ्यावी.