चांदणी चौकातली कुरडई

शाळेत आम्हाला जो इतिहास शिकवला त्यात खिंडी भरपूर होत्या, पण चौक एकही नव्हता. खिंडीत पराक्रम होतो आणि चौकात नुसता खोळंबा होतो, म्हणून असेल. शिवाय इतिहास लिहिणारी मंडळी बहुधा मागच्या सीटवर बसून प्रवास करत असावीत.

ही उणीव भरून काढण्याचे काम आमच्या नांदूरघाटात एका चहाच्या हॉटेलात चालते. सकाळी तिथे गाडीवाल्यांची बैठक बसते. बँक उघडायला अवकाश असल्यामुळे मीही कोपरा धरून असतो. बैठकीचा आवडता विषय म्हणजे पुण्याचा चांदणी चौक. केज तालुक्यातल्या माणसांना पुण्याच्या चौकाशी काय कर्तव्य, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडचा माणूस शिकायला पुण्याला जातो, नोकरीला पुण्याला जातो आणि फारच दुखायला लागले तर दवाखान्यालाही पुण्यालाच जातो. त्याला नेऊन पोचवणारे हेच.

दिल्लीचा चांदणी चौक शहाजहानची मुलगी जहाँआरा हिने 1650 च्या सुमारास वसवला. मधल्या हौदात रात्री चंद्राचे प्रतिबिंब पडे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. पुण्याच्या चांदणी चौकात हौद नाही. तरीही तिथे चांदण्या दिसायच्या, त्या भरदिवसा आणि डोळ्यांसमोर. मुंबई-बंगळूर महामार्ग, कोथरूडचा पौड रस्ता, मुळशीचा रस्ता, शिवाय पाषाण, बावधन आणि एनडीए. एवढ्या सगळ्यांची गाठ एका ठिकाणी, आणि वरून एक जुना पूल! त्याच्याखालून महामार्गाला अंग चोरून जावे लागे.

चौक सुधारण्याच्या कामाची कोनशिला 2017 साली बसली. कोनशिला ही बसण्यासाठीच असते, त्यामुळे ती बराच काळ बसून राहिली. सामान्य माणूस त्या चौकात वर्षानुवर्षे अडकत होता. पण ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईहून साताऱ्याकडे निघालेले मुख्यमंत्री एकनाथ शिंदे तिथे अडकले आणि कामाला एकदम पाय फुटले. जुना पूल पाडायचे ठरले.

मुहूर्त निघाला 2 ऑक्टोबर 2022, रात्री एकचा. म्हणजे गांधी जयंती लागून जेमतेम तास झालेला, आणि पुलाच्या पोटात सुमारे 600 किलो स्फोटके. नोएडाचे जुळे मनोरे महिनाभरापूर्वीच काही सेकंदांत भुईसपाट झाले होते, त्यामुळे लोक मोठ्या आशेने बघत होते. स्फोट झाला, धुरळा उठला, धुरळा बसला, आणि पूल तसाच! काँक्रीट निखळले, पण आतल्या लोखंडाने चक्क सत्याग्रह मांडला. शेवटी यंत्रे लावून त्याला खाली आणावे लागले. त्या दिवशी आमच्या हॉटेलात एक ट्रकवाला म्हणाला, "ज्यानं बांधला त्यालाच पुन्हा बोलवा. नवा कशाला पायजे?"

12 ऑगस्ट 2023 रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या चौकाचे उद्घाटन झाले. सुमारे 865 कोटींचा खर्च आणि आठ रॅम्प. रॅम्प म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर चढवणारी किंवा उतरवणारी वाट. कामात खोट आहे असे आमच्यातला एकही गाडीवाला म्हणाला नाही. "रस्ता लई भारी हाय," एक जण म्हणाला, "फक्त कुठं जातो ते सांगत नाही." दुसऱ्याने बशीतल्या चहात बोट बुडवून टेबलावर वेटोळी काढली आणि म्हणाला, "ही तर कुरडई हाय."

इंग्लंडात बर्मिंगहॅमला 1972 साली असाच एक गुंता उघडला. त्याला 'स्पॅगेटी जंक्शन' हे नाव 1965 सालीच, नुसता नकाशा बघून, एका वर्तमानपत्राने देऊन टाकले होते. तिकडे शेवया, इकडे कुरडई. इंजिनियर कुठलाही असो, नाव स्वयंपाकघरातून येते.

आता माझे दुःख सांगतो. मे 2024 मध्ये भूगावच्या एका मंगल कार्यालयात माझ्या भाचीचे लग्न होते. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. मी मामा. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभे राहणे एवढेच काम मामाला असते, पण ते दुसऱ्याला देता येत नाही. कोथरूड ओलांडले तेव्हा बारा वाजले होते. चौक आला, वर मोठी पाटी आली, तिच्यावर पाच गावे. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 17 मीटर धावते. पाच नावे वाचायला तीन सेकंद धरा. तेवढ्यात पन्नास मीटर रस्ता मागे पडतो, आणि फाटाही. आम्ही वारज्याला पोचलो. वळून आलो तो बाणेरला. तिसऱ्या फेरीत मुळशीचा रस्ता सापडला, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाचीच्या पाठीशी तिचे चुलते उभे राहिले होते.

बँकेत चुकीची नोंद झाली तर उलटी नोंद करून हिशेब जुळवता येतो. चुकलेल्या रॅम्पला उलटी नोंद नसते, आणि चुकलेल्या मंगलाष्टकांना तर नसतेच.

आमचा क्रूझरवाला जेवायला आत येईना. मी ताट घेऊन गाडीपाशी गेलो. जिलबीकडे बघत तो म्हणाला, "सायेब, बावीस वर्सं झाली गाडी हाणायला. घाट म्हणू नका, रात म्हणू नका. पण आज पयल्यांदा अडाणी झाल्यावानी वाटलं. पाटी वाचूस्तोर फाटा मागं." मी काही बोललो नाही. माणसाला स्वतःच्या धंद्यात अडाणी ठरवायला 865 कोटी लागू नयेत, एवढेच मनात आले. चौक आखताना अशा एका माणसाला शेजारी बसवून विचारले असते, "बाबा, तुला पाटी कुठून दिसायला हवी?", तर खर्च एका चहाचा आला असता.

आठवड्याने तो बँकेत आला, काउंटरवरची एक स्लिप उचलली आणि तिच्या पाठीमागे चौकाचा नकाशा काढला. आठही रॅम्प, कुठे डावी धरायची, कुठे वेग कमी करायचा, सगळे त्यात आले. आता नांदूरघाटहून पुण्याला निघणाऱ्या गाड्यांत त्याची झेरॉक्स असते.

भाचीच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही. पण इतिहासात माझी नोंद झाली आहे. त्या नकाशात मुळशीच्या फाट्याअलीकडे एक फुली आहे, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'हितं मामा चुकला.'